कार्डावरच्या एका शब्दाबद्दल : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



तीस वर्षांहून अधिक काळ मी बांधकामाच्या साइटवर उभा आहे. सुरुवात किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनात झाली, आता पुण्यात लहान-मध्यम इमारतींची कामं बघतो. आपली-माझी ओळख नाही. हे पत्र लिहायला बसलो ते एका माणसाच्या ओळखपत्रामुळे.

हा माणूस मूळचा जत तालुक्यातला. वय छप्पन्न. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. मामा ओळंबा लावून वीटकाम करतात. गिलावा करतात आणि त्यांच्या गिलाव्यावर पट्टी फिरवली तर खाली उजेड दिसत नाही. टाइल बसवतात, वॉटरप्रूफिंग करतात, स्लॅबचं लोखंड बांधायचं असेल तर चाबी हातात घेऊन खाली बसतात. ड्रेनेजच्या पाइपाला किती उतार द्यायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. गेल्या महिन्यात बांधकाम कामगार म्हणून झालेल्या नोंदणीचं कार्ड त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. नूतनीकरणाचा अर्ज भरायचा होता. कामाचे स्वरूप या रकान्यात एकच शब्द होता : मजूर.

मी विचारलं, मामा, हे असं कुणी लिहिलं? ते म्हणाले, "भरणाऱ्यानं लिहिलं. पेटी मिळाली की झालं, म्हणाला."

नोंदणीवर मिळणारी हेल्मेट-बुटांची पेटी चांगलीच आहे, भांड्यांचा संचही घरच्या बाईला उपयोगी पडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीस-पस्तीस वर्षांत हातानं कमावलेलं जे आहे, ते सरकारच्या दप्तरात कुठंच नाही. आणि ते नाही म्हणूनच मामांच्या हजेरीतही नाही. एवढ्या एका गोष्टीबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

त्यासाठी थोडं मागं जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा नुकताच डिप्लोमा करून बाहेर पडलो होतो आणि काही महिन्यांनी उमरगा तालुक्यात सुपरवायझर म्हणून गेलो. बावन्न गावं दुसरीकडे हलवून नव्यानं वसवायची होती आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनी घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. माणसं ज्या भिंतींखाली गेली त्या दोन-अडीच फूट जाडीच्या होत्या. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि खडी. दोन्ही तोंडं सांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचं वजन. जमीन हलली तशी भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली आणि माळवद खाली आलं.

अशा घराला वाचवायचं तर काय करावं लागतं? भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायचे, हे गवंड्याचं काम. लिंटलच्या उंचीला घरभर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, त्यासाठी फळ्या लावायच्या, म्हणजे सुतारकाम. पट्ट्यात सळ्या आणि रिंगा बांधायच्या, रिंगेचं टोक काटकोनात न सोडता 135 अंशांत आत वळवायचं, म्हणजे फिटरचं काम. लाकडी खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरके टेकू मारायचे, पुन्हा सुतारकाम. मग काँक्रीट भरायचं आणि रोज पाणी मारायचं. पाचशे उंबऱ्यांच्या गावात सेंटरिंगवाला वेगळा, फिटर वेगळा, सुतार वेगळा असं कुठून आणणार? गावातल्याच गवंड्यांना बसवून शिकवलं. रिंग कशी वळवायची हे मी ज्या गवंड्याला दाखवलं, त्यानं मला दुसऱ्या दिवशी दगडाची नस बघून घाव कुठं घालायचा ते शिकवलं. पंधरा दिवसांत तो माणूस एका घराचं सगळं काम अंगावर घेऊ लागला. त्याला कुणी बहुकुशल कामगार म्हटलं नाही. गावात मिस्त्री म्हणजे ज्याला घर बांधता येतं तो. एवढी सरळ व्याख्या होती.

शहरात आलो आणि ही व्याख्या मोडलेली दिसली. इथं लोखंडाचा ठेकेदार वेगळा, त्याला किलोवर पैसे. शटरिंगचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा, टाइलचा वेगळा, या सगळ्यांना स्क्वेअर फुटावर. प्लंबरला पॉइंटवर. प्रत्येकाची माणसं वेगळी, मुकादम वेगळा, उचल वेगळी, राहायची पत्र्याची खोलीसुद्धा वेगळी. एकाचं काम संपलं की त्याची माणसं पुढच्या साइटवर आणि इथं दुसऱ्याची येणार.

याचा परिणाम बघायचा तर मोठ्या टॉवरकडे बघू नका, चार बाय सात फुटांच्या बाथरूमकडे बघा. त्या अठ्ठावीस स्क्वेअर फुटांत ब्लॉक लावणारा येतो. त्यानं बांधलेल्या ताज्या भिंतीत प्लंबरचा पोऱ्या झिरी मारतो. मग इलेक्ट्रिशियन येतो, त्याला गिझरच्या पॉइंटसाठी आणखी एक झिरी हवी असते आणि ती नेमकी पाइपाला आडवी जाते. प्लास्टरवाला दोन्ही झिऱ्या बुजवतो, पण तारेची जाळी ठोकत नाही, कारण त्याच्या रेटमध्ये जाळी नाही. वॉटरप्रूफिंगवाला कोटाचे दोन हात देतो, तळाला पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवतो, खालच्या मजल्यावर ओल दिसत नाही, सही होते. दोन दिवसांनी प्लंबरचा माणूस पुन्हा येतो. नहाणी ट्रॅप दोन इंच सरकवायचा राहिलेला असतो. तो छिन्नी-हातोडा घेऊन तळ फोडतो, ट्रॅप सरकवतो, भोवती मूठभर माल दाबतो आणि जातो. टाइलवाल्याला यातलं काही माहीत नसतं. तो वरून सुंदर टाइल लावून देतो.

दोन पावसाळ्यांनी खालच्या घराच्या छतावर तपकिरी डाग उमटतो. मग सगळ्यांना फोन. सगळ्यांची बिलं कधीच निघालेली असतात आणि खरं सांगायचं तर प्रत्येकानं आपापलं काम ठरल्याप्रमाणे केलेलंच असतं. दोन कामांच्या मधली जी जागा असते तिचा रेट कुणी लावलेला नसतो, म्हणून ती कुणाचीच नसते. पुण्या-मुंबईत ज्यांच्या घरात गळती आहे अशा लाखो माणसांना हे वाचून आपलं बाथरूम आठवेल.

या बाथरूमला दुसरा मार्ग आहे हे मला 2020 साली कळलं, तेही नाइलाजानं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माणसं चालत, ट्रकमधून, मिळेल तशी गावाकडे निघाली. तळमजला अधिक तीन मजल्यांची बारा घरांची एक इमारत माझ्याकडे होती. स्लॅब झालेले, बाकी सगळं राहिलेलं. कामाला परवानगी मिळाली तेव्हा साइटवर बारा माणसं उरली होती. मामा होते. मालदा जिल्ह्यातली चार तरुण मुलं होती, गाडी न मिळाल्यानं अडकलेली, चौघंही लोखंडाच्या कामाची. विजयपूरकडची दोन जोडपी होती, नवरे बिगारी, बायका बिगारी. एक सुतार, एक परवानाधारक वायरमन आणि रखवालदार. बाहेरून माणूस मिळणार नव्हता.

पहिला महिना वाईट गेला, हे लपवत नाही. मालदाच्या मुलांनी लावलेल्या टाइलची ओळ दोन खोल्यांत सरकली, उखडून पुन्हा लावावी लागली. पण मामांनी त्यांना शिकवणं सोडलं नाही. दोरी कशी ताणायची, गुण्या कुठं धरायचा, टाइलखाली पोकळ आवाज आला तर काढूनच टाकायची, हे ते रोज संध्याकाळी तासभर दाखवत. दुसऱ्या महिन्यापासून आम्ही बाथरूम एका तुकडीला देऊन टाकलं. मामा आणि दोन मुलं. ब्लॉकपासून टाइलपर्यंत त्यांचंच. वायरिंग तेवढं वायरमनचं. झिरी मारणाऱ्यालाच नंतर ती बुजवायची होती, म्हणून ती सरळ आणि हवी तेवढीच पडू लागली. ट्रॅपची जागा वॉटरप्रूफिंगच्या आधी तीनदा मोजली जाऊ लागली, कारण नंतर तळ फोडायचा म्हणजे स्वतःचाच कोट फोडायचा. प्लास्टर वाळेपर्यंत तुकडी बसून राहत नसे, वरच्या मजल्यावर लिंटलचं लोखंड बांधायला जाई. दिवाळीच्या आधी इमारत पुरी झाली. बाराही घरांतली बाथरूम आजवर कोरडी आहेत. मी दर पावसाळ्यात जाऊन बघतो.

पुढं काय झालं तेही सांगतो. माणसं परत आली, ठेकेदार परत आले, त्यांचे रेट मालकापुढे आले. कागदावर वेगवेगळे ठेके स्वस्त दिसतात, कारण कागदावर फोडाफोड, थांबून राहणं आणि गळती यांचा रकाना नसतो. मालकानं जुनी पद्धत लावली. मालदाच्या मुलांना टाइल येते, गिलावा येतो हे कुणाला दाखवायला त्यांच्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. पुढच्या साइटवर ती पुन्हा नुसती फिटर झाली. त्या सहा महिन्यांत ती जे शिकली ते पुसलं गेलं, जसं काही झालंच नव्हतं. मला त्याची आजही चुटपुट आहे.

आता एक जड गोष्ट. ही लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. 2009 साली माझ्या एका साइटवर चोवीस-पंचवीस वर्षांचा टाइलचा कारागीर होता, हुशार, कशालाही हात घालणारा. त्याच्या कटरचा प्लग जळला. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या विंगमध्ये होता. मी म्हणालो, "तुला जमतं ना, जोड तेवढं." त्यानं साइटवर सगळे करतात तसं केलं. वायरीची दोन टोकं सोलून सॉकेटमध्ये खुपसली आणि वर काडी ठोकली. खाली कटरचं पाणी साचलेलं. तात्पुरत्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असायला हवी होती, ती नव्हती. तो वाचला. पण उजवा हात भाजला आणि दोन बोटं कायमची ताठ झाली. त्यानंतर त्याला थापी धरता आली नाही. गावाकडे एका गोदामावर तो राखण करतो. "तुला जमतं ना" हे माझे शब्द होते आणि ते माझ्याजवळ कायमचे राहिले आहेत.

म्हणून बहुकुशल कामगार हा शब्द कुणी फार उत्साहानं उच्चारला की मी सावध होतो. साइटवर त्याचा अर्थ फार लवकर "एका हजेरीत चार कामं" असा होतो. अनेक कामं येणारा माणूस आणि अनेक कामांना जुंपलेला माणूस हे दोघं लांबून सारखेच दिसतात. पहिल्याला शिकवलेलं असतं, तपासलेलं असतं आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. दुसऱ्याला फक्त "कर" म्हटलेलं असतं. विजेचं काम परवान्याच्या माणसाचंच. क्रेन आणि हॉइस्ट चालवणं, उंच परांची बांधणं, वेल्डिंग ही कामंसुद्धा "जमतं ना" म्हणून कुणाच्या गळ्यात मारायची नाहीत. उलट गवंडीकाम, गिलावा, टाइल आणि वॉटरप्रूफिंग ही एकाच हाताची भावंडं आहेत. शटरिंग, लोखंड आणि काँक्रीट यांचंही तसंच. ज्यानं रिंग बांधली त्यालाच काँक्रीट भरायचं असेल तर तो कव्हर ब्लॉक विसरत नाही, आणि ज्यानं भरलं त्यालाच टेकू काढायचे असतील तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत काढायला तो धजत नाही. ही नाती कामातच आहेत, कागदावर बसून ठरवायची नाहीत.

कामगार संघटनांमधले माझे काही मित्र या विषयावर रागावतात. म्हणतात, एक माणूस तीन माणसांचं करणार, मग दोघांनी जायचं कुठं? प्रश्न रास्त आहे. 1998 साली टेक्सासमधल्या अभ्यासकांनी एका मोठ्या प्रकल्पाच्या नमुन्यावर हिशेब मांडला होता. बहुकुशल कामगार वापरले तर मजुरीचा एकूण खर्च 5 ते 20 टक्क्यांनी कमी होतो आणि माणसं 35 टक्क्यांनी कमी लागतात, असं त्यात निघालं. एवढंच वाचलं तर मित्रांचा राग बरोबर वाटतो. पण त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे : एक कामगार प्रकल्पावर सरासरी जितका काळ टिकतो तो 47 टक्क्यांनी वाढतो, आणि त्याची वर्षाची कमाईही वाढते. मला या सगळ्यात 47 हा आकडा सर्वात मोलाचा वाटतो. का, ते माझ्या साइटवरचं उदाहरण देऊन सांगतो.

विजयपूरकडच्या त्या दोन जोडप्यांपैकी एकाला मी 2022 सालच्या कामावर पायाभरणीपासून रंगापर्यंत ठेवलं. चौदा महिने. एरवी ही माणसं तीन आठवडे इथं, दीड महिना तिथं अशी फिरतात. मुकादम नेईल तिकडे बिऱ्हाड. त्यांची मुलगी तोवर तीन शाळांत जाऊन आली होती आणि एकीतही वर्ष पुरं झालं नव्हतं. या चौदा महिन्यांत तिची महापालिकेच्या शाळेत चौथी पूर्ण झाली. जून ते एप्रिल, एकच वर्ग, एकच बाई. निकालाचा कागद तिच्या आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला आणला. आईला वाचता येत नाही. कागद उलटा धरला होता.

आणि आपल्या खात्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. एका कामाचा माणूस तीन-तीन आठवड्यांनी ठेकेदार बदलतो, त्याला हा दाखला देणार कोण? पहिला म्हणतो दुसऱ्याकडून घे. ज्याला दोन-तीन कामं येतात आणि म्हणून जो एका जागी टिकतो, त्याचे नव्वद दिवस कधीच भरलेले असतात. ज्यांच्यासाठी 1996 सालचे कायदे झाले, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला, ते त्या पैशापर्यंत पोचतात की नाही हेसुद्धा शेवटी ते एका साइटवर किती दिवस राहतात यावर ठरतं.

बायकांचं तर वेगळंच. ज्या आईबद्दल लिहिलं ती बाई वाळू चाळते, माल कालवते, डोक्यावर घमेलं घेऊन तीन मजले चढते, स्लॅबला पाणी मारते, टाइलच्या सांध्यात व्हाइट सिमेंट भरते, शेवटी सगळी इमारत झाडून-पुसून देते. एका माणसाची किती कामं झाली ही? तिच्या हातचा माल मामांना डोळे झाकून चालतो, पाणी कमी-जास्त कधी नाही. क्युरिंगचे दिवस ती बोटांवर मोजते आणि एक दिवस पाणी चुकलं तर मुकादमाला ओरडते. तरी ती बिगारी. आमच्या भागात गवंड्याची हजेरी आज हजाराच्या आसपास आहे, पुरुष बिगाऱ्याची सहाशे-सातशे, आणि तिला त्याहून शंभरेक रुपये कमी. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला होता. तिला थापी धरायला कुणी बंदी केलेली नाही, फक्त कुणी ती तिच्या हातात दिलेली नाही. झारखंडमध्ये शौचालयांची कामं निघाली तेव्हा बायकांना गवंडीकाम शिकवलं आणि "रानी मिस्त्री" हा शब्द तिथल्या गावांत रूढ झाला. आपल्याकडे अजून "गवंडीण" म्हटलं की लोकांना गवंड्याची बायको आठवते.

शिकण्याची निकड दुसऱ्या बाजूनंही येते आहे. मोठ्या टॉवरवर आता मिवान, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे. भिंती आणि स्लॅब एकदम ओतले जातात. वीट नाही, गिलावा नाही. वीस वर्षं नुसतं वीटकाम केलेला पंचेचाळिशीचा गवंडी तिथं गेला तर त्याला साच्यातून निघालेल्या भिंतीवरचे खड्डे बुजवायला बसवतात, आणि दोन वर्षांत तो बिगाऱ्याच्या हजेरीवर येतो. पाथरवटांचं असंच झालं, माझ्या डोळ्यांदेखत. छिन्नीचं काम सरलं तेव्हा त्यांना दुसरं काही शिकवायला कुणी आलं नव्हतं.

महोदय, आता मागणं. फार मोठं नाही.

पहिलं, नोंदणीच्या कार्डावर एकाहून अधिक कामं लिहायची सोय करा, आणि ती लिहिण्याआधी माणसाला तपासा. साइटवर तपासा. चार फूट भिंत बांधून दाखव, पाच फूट गिलावा कर, एक रिंग वळव. अनुभवी गवंडी आणि इंजिनिअर असे दोघं बसले तर तासाभरात कळतं. केंद्राच्या कौशल्य योजनेत आधीच येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र द्यायची सोय 2015 पासून आहे. माझ्या काही माणसांना ते मिळालं, सोबत टोपी आणि बॅग मिळाली. हजेरीत एक रुपया वाढला नाही, कारण हजेरी ठरवणारा कागद वेगळा आहे.

तो कागद आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून दुसरं मागणं. बांधकामाच्या किमान वेतनात आपल्या राज्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीनच पायऱ्या आहेत. केंद्राच्या दरपत्रकात अतिकुशल अशी चौथी आहे. आपणही चौथी पायरी आणावी आणि दोन किंवा अधिक जोडकामांत तपासणी उतरलेल्या कामगाराला त्यात धरावं. मगच बहुकुशल या शब्दाला मोल येईल, आणि "एका हजेरीत चार कामं" म्हणणाऱ्याला कायद्यानं उत्तर देता येईल. टेक्सासच्या हिशेबातली ती 5 ते 20 टक्के बचत सगळीच मालकाच्या खिशात गेली तर कामगारानं का शिकावं? मालकालाही काही कारण द्यायला हवं. सिंगापूरमध्ये एकाहून अधिक कामांत पात्र ठरलेला परदेशी कामगार वरच्या श्रेणीत धरला जातो आणि त्याच्यामागे मालकाला भरावा लागणारा कर कमी होतो. मालक म्हणूनच कामगाराला परीक्षेला बसवतो. आपल्याकडे सरकारी इमारतींच्या निविदांत अशा तुकड्या ठेवणाऱ्या कंत्राटदाराला थोडं झुकतं माप देता येईल. सार्वजनिक बांधकाम विभागाशी आपल्याला बोलता येतं, मला येत नाही.

तिसरं, शिकण्याच्या दिवसांची हजेरी उपकराच्या निधीतून द्या. रोजच्या खर्चीवर जगणारा माणूस पंधरा दिवस फुकट शिकायला येणार नाही, त्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची असते. त्याच्या मजुरीइतके पैसे मिळाले तर तो येईल आणि बायको थापी शिकणार असेल तर तीही येईल. शिकवायला मामांसारखी माणसं घ्या आणि त्यांनाही मानधन द्या. शिकवणं हीसुद्धा त्यांची एक कला आहे, चार मुलांना त्यांनी उभं केलेलं मी पाहिलं आहे.

मामांचा नूतनीकरणाचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. बाकी सगळे रकाने भरलेत, कामाचे स्वरूप तेवढं कोरं आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "साहेब, काय लिहिलं?" मी म्हणालो, अजून लिहिलं नाही. ते हसले आणि म्हणाले, "जागा केवढी आहे बघा आधी." जागा एका शब्दाची आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्याआधी आपल्याकडून काही कळलं तर बरं होईल.

आपला,
एक साइट इंजिनिअर,
पुणे